मानमोडी

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी आम्ही नेहमीसारखी पेपरची पानं वाटून घेतली होती. महिन्याभराने दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारे आणि त्यांची लेक बसली होती.

"डॉक्टरांना सांग, मानमोडी झालीय."

"अप्पा, फ्लू म्हणा."

"फ्लू म्हटल्यावर काय दुखतं ते कळतं का? तापात मान मोडल्यासारखी लुळी पडते, म्हणून मानमोडी. माझी आजी म्हणायची."

"भांडताना बरी ताठ होते!"

"ते तुझ्या आईने शिकवलं."

"टेका इथे, खांद्यावर."

"जड होईल तुला."

"होऊ दे."

मग ते माझ्याकडे वळले. "पोरी, तू एकटीच?"

"बाबा यायचे बरोबर. गेल्या महिन्यात वारले."

"अरेरे! वय झालं होतं?"

"हो. सगळ्यांना तेच सांगते. पण मला ते अजून हवे होते."