घरात माणसं किती

चर्चच्या हॉलमध्ये धान्यवाटपाची रांग लागली होती. काम सुटलेली शिंपीण सर्वांत शेवटी उभी होती. तांदळाचं एकच पोतं उरलं होतं आणि तेही तळाला गेलेलं तिला तिथूनसुद्धा दिसत होतं. टेबलाशी एक आजी पोचल्या. यादी लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं,

"आजी, घरात माणसं किती?"

"दोघं लिही."

"मागच्या महिन्यात तर पाच होती."

"तिघं गावाला गेलीत."

"सून सकाळीच दिसली की मला, दोन्ही पोरांना घेऊन."

"तू यादी लिहायला बसलीस की चौकशा करायला?"

"बरं बाई, दोघं. आणि ही तिघं परत कधी येणार?"

आजींनी मागे वळून रांगेच्या टोकापर्यंत पाहिलं.

"सगळ्यांचं झाल्यावर पोत्यात काही उरलं, तर आजच येतील."