बारावा रुग्ण

संपादक कसा असावा यावर तुमचा वाद चाललाच आहे, तर आमच्या डॉक्टरांची हकिकत ऐका. सत्तरच्या दशकात ते कोल्हापुरातून हृदयशस्त्रक्रियेचे त्रैमासिक काढीत आणि त्याची मुद्रिते मी तपासत असे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच. वाचन मात्र कसून.

एकदा खुद्द डॉक्टरांच्या गुरूंचा लेख आला. मी विचारले, "डॉक्टर, शस्त्रक्रिया बारा जणांवर झाली, मृत्यू एकही नाही आणि घरी गेले अकरा. मग बारावा कुठे आहे?"

डॉक्टरांनी लेख पुन्हा वाचला आणि छपाई थांबवली. "ज्यांनी हातात सुरी दिली, त्यांनाच जाब विचारायचा!" असे पुटपुटत त्यांनी गुरूंना पत्र लिहिले.

आठवड्याने गुरुवर्य स्वतः मोटारीने छापखान्यात आले. "माझ्यावर अविश्वास?"

"तुमच्यावर नाही, सर. पण बारावा सापडेपर्यंत अंक निघणार नाही." डॉक्टर म्हणाले.

गुरुवर्यांनी खिडकीतून हाक मारली. त्यांचा ड्रायव्हर धडाधड जिना चढून आला.

"हा तुमचा बारावा! बरा झाला, पण घरी जाईना. म्हणून गाडीवर ठेवला."

"व्हय की! सायबांजवळच बरं हाय," ड्रायव्हर म्हणाला.

"मग तसे लेखात लिहा, सर." डॉक्टरांनी पेन पुढे केले. गुरुवर्य हसत लिहू लागले.

ड्रायव्हर मात्र घाबरला. मला हळूच विचारतो कसा, "पावणं, ह्ये छापून आलं म्हंजे मला घरला धाडत्यात व्हय?"