‘इनहो’मधला वाघ

वडिलांच्या मृत्यूची नोंद करायला मी बुसानच्या कचेरीत रांगेत होते. माझ्यापुढे एक आजोबा आणि त्यांची सून, बाळाचं नाव चिनी अक्षरांत नोंदवायला आलेले.

“अगं, ‘इनहो’मधला ‘हो’ वाघाचा! तू तळ्याचं अक्षर लिहिलंस.”

“उच्चार तोच आहे ना, बाबा?”

“अक्षर बदललं की अर्थ बदलतो. दीड किलोचं पोर, काचेच्या पेटीत झुंजतंय. त्याला वाघच हवा.”

“पेटीतून काढलंय त्याला. उद्या घरी सोडतायत.”

“आणि हे आत्ता सांगतेस?”

“आत्ताच फोन आला. तुम्ही वाघावरून उतरलात तर सांगणार ना!”

“मग खोडू नकोस. वाघाचं काम झालं. आता निवांत तळं होऊ दे.”

“आधी डोळे पुसा. तळं इथेच साचलंय.”

तिने दोन कागदी रुमाल काढले. एक मला दिला.