मागच्या सीटवर आडवे होऊन पाहिलेली गाडी

नाव : उज्ज्वला सुभाष लोहोटे, वय ६३ वर्षे, व्यवसाय : सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार : डिंगोरे, ता. जुन्नर, जि. पुणे.

आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी पतींसह राहते; त्यांना सगळे ‘भाऊ’ म्हणतात. त्यांना तीन वर्षांपासून दर मंगळवारी व शुक्रवारी डायलिसिससाठी न्यावे लागते. गाडी मीच चालवते. परतताना ते मागच्या सीटवर आडवे असतात. आमची गाडी सोळा वर्षांची आहे. ती घेतली त्या आठवड्यात आम्ही दोघे माळशेजला धुके बघायला गेलो होतो. याचा घटनेशी संबंध नाही, असे हवालदारांनी सांगितले. तरी राहू द्यावे, अशी मी विनंती केली.

नवीन गाडीसाठी मी अकरा परीक्षणे वाचली व वहीत टिपणे काढली. त्यावरून सहा गाड्या आधीच बाद केल्या. उरलेल्यांपैकी एकीला ‘वर्षातील सर्वोत्तम कौटुंबिक गाडी’ हा पुरस्कार होता. परीक्षक चौदा होते. चौदा जाणत्या माणसांची चूक होणार नाही, असे मला वाटले.

आज सकाळी साडेदहा वाजता मी आमचे मेकॅनिक वजीर कागदी, वय ५८, यांना घेऊन ती गाडी चालवून बघायला दवाखान्याजवळच्या शोरूममध्ये गेले. सेल्समन सुनील यांनी किल्ली माझ्या हातात दिली. दुसरे गिऱ्हाईक आल्याने ते सोबत आले नाहीत. “बाई, वीस मिनिटांत या,” एवढे म्हणाले.

वजीर मिस्त्रींनी बॉनेट उघडलेच नाही. चपला काढून ते मागच्या सीटवर आडवे झाले व डोळे मिटून म्हणाले, “बाई, आता मी भाऊ. दवाखान्यातनं घरी न्या.”

मी म्हटले, “मग गप्प पडा. भाऊ वाटेत एक शब्द बोलत नाहीत.”

“का बोलत न्हाईत, तेच बघतो.”

डिंगोऱ्यापर्यंत गाडी मी चालवली; वीस मिनिटे वाटेतच संपली. मिस्त्रींनी डोळे उघडले नाहीत. “हा शाळेपुढचा गतिरोधक. मान आपटली.” “ही ओढ्यावरची मोरी. कंबर उचलली.” “पुढं उसाची ट्रॉली हाय ना? तुमी सारखा ब्रेक मारताय. भाऊ घसरत असणार.” प्रत्येक ठिकाण बरोबर होते. मी तेहतीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या. अशी तपासणी कधी पाहिली नव्हती.

चौदा परीक्षक खोटे का, असे मी विचारले. ते म्हणाले, “खोटं कशाला? इंजिन लई गोड हाय. पुढच्या सीटला बक्षीस बरोबर मिळालंय. मागं कुणी झोपून बघितलं न्हाई, एवढंच. त्यांच्या घरी पेशंट नसंल.”

परतताना मी मागे आडवी झाले व मिस्त्रींनी गाडी चालवली. हे माझ्या सांगण्यावरून झाले. खिडकीतून फक्त आभाळ, विजेच्या तारा आणि झाडांचे शेंडे दिसत होते. आपण कुठवर आलो, ते कळत नव्हते. वाटेत मी दोनदा गाडी थांबवायला सांगितली. त्यामुळे आणखी उशीर झाला. थांबण्याचे कारण मी सांगू इच्छित नाही.

प्रवासात फोन बंद ठेवण्याची माझी सवय आहे, म्हणून शोरूमचे फोन लागले नाहीत. नाक्यावरच्या कॅमेऱ्यात मिस्त्री एकटेच दिसतात, कारण मी आडवी होते. त्यावरून त्यांनी गाडी पळवली, अशी तक्रार झाली. एक वाजून दहा मिनिटांनी आम्ही परतलो, तेव्हा त्यांना पोलिसांनी ताब्यात घेतले. ते मला एवढेच म्हणाले, “बाई, आधी भाऊंना फोन करा. वाट बघत असतील.”

मी ठाण्यातून पतींना फोन केला. गाडीत मान दुखते का, असे विचारले. ते म्हणाले, “मास्तरीणबाई, हा प्रश्न तीन वर्षांनी काढलात?” आणि हसले.

ती गाडी मी घेणार नाही. शुक्रवारी पतींना जुन्याच गाडीतून न्यायचे आहे. त्याआधी तिची मागची सीट मिस्त्रींकडून नीट करून घ्यायची आहे. त्यासाठी ते बाहेर असणे जरुरीचे आहे.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. शेवटी ‘गाडी वजीर कागदी यांनी नेली’ असे एक वाक्य होते. ते खोडून ‘गाडी मी नेली, आणि त्यांनी मला ती दाखवली’ असे लिहायला मी सांगितले. तसे लिहिले आहे. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही/-
उज्ज्वला सुभाष लोहोटे