आज शर्टाला कसा वास येतोय?

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे माझा नंबर नववा होता. शेजारी साठीकडे झुकलेलं एक जोडपं बसलं होतं.

"अहो, आत गेल्यावर नुसती सर्दी म्हणू नका. वासच येत नाही म्हणून सांगा."

"आणि कामावर कळलं तर? प्लांटवरून उचलून ऑफिसात बसवतील मला."

"बसवू देत की. सांडपाण्याचीच तर टाकी."

"सांडपाण्याची असली म्हणून काय झालं? त्या बंद टाकीतले जंतू घाण खातात, म्हणून आपल्याला गॅस मिळतो, खत मिळतं, पाणी बागेला जातं. त्यांचं पोट बिघडलं की आंबूस वास सुटतो. मीटरच्या आधी माझ्या नाकाला कळतं."

"कळायचं."

"मागच्या महिन्यात टाकी आंबत होती, ते कुणी पकडलं?"

"कुणी पकडलं?"

"म्हणजे, शर्टाला आंबूस वास येतोय असं तू म्हणालीस. मग मी जाऊन बघितलं."

"वीस वर्षं तो शर्ट मी घरात येऊ दिला नाही. आता रोज दारात उभं राहून विचारता, आज कसा येतोय."

"मग चाललंय की आपलं. डॉक्टर कशाला हवा?"

"आंबूस वास मला घरी कळतो हो. उद्या तिथे गॅस गळायला लागला, तर तो हुंगायला मी असते का?"

त्यांनी डॉक्टरांच्या दाराकडे पाहिलं.

"कितवा नंबर चाललाय?"

"सातवा. पुढचा आपला."

"आत तूच सांग."