खडकगौरीची जागा

लिवा पंत, वाड्यावरनं माझी जबानी लिवायला आलात तर बसा नीट आन् लिवा. नाव सगुणा, माहेर मांजरीचं, घर माळ्याचं. जागा सोडून काय बी इचारा, सगळं सांगते.

लगीन होऊन पुण्यात आले तवा नऊ वर्साची व्हते. सासूनं पयल्याच भादव्यात हात धरून कातळावर नेलं, म्हनली ही खडकगौर, नखाएवढं जांभळं फूल, पावसात उगवतं, भादव्यात फुलतं आन् दसऱ्याआधी बी टाकून मरतं, मूळ मागं ऱ्हात न्हाई त्याचं, बी पडलं तरच पुढच्या साली ते. म्हनून गौरीला पाचच खुडायची, सहावं न्हाई. तीस वर्सं वाड्यावर पाचच दिली, कुनाची तक्रार न्हाई.

मंग गेल्या साली धाकट्या बाईसाहेबांना आरास करायची हुक्की आली, टोपलीभर आन म्हनाल्या. म्या म्हनले, पाच. तर कारभाऱ्यांनी मान्सं माझ्या मागावर धाडली, पहारी घेऊन सारा कातळ खरवडला, मातीसकट रोपं वाड्याच्या बागेत लावली. काळी माती, शेनखत, दोन वक्ताला पानी. काय सांगू तुम्हाला पंत, चार बोटं मातीवर जगनारं ते, त्याला एवढे लाड कुठं सोसायचे, गौरी जायच्या आत कुजून गेली सगळी. रडले मी. सासू गेली तवा बी एवढी रडले न्हवते. यंदा त्या कातळावर एक कोंब न्हाई.

पन आधी फुललेल्यांची दोन पिकली बोंडं खनताना चिरेत सांडली व्हती. ती म्या पदरात बांधली आन् दुसऱ्या कातळावर नेऊन टाकली. यंदा अकरा रोपं आलीत, अकरा! आनंदाच्या भरात जावेला बोलून बसले, तिथंच चुकले, दोन दिसांत वाड्यावर बातमी. आता जागा न्हाई सांगितली तर फुलांचा रतीब बंद, असंच म्हनले ना कारभारी? करा बंद. देवळापुढं बसून झेंडू ईकीन.

आन् यंदा पाच बी मिळायची न्हाईत. अकराच्या अकरा बी टाकतील, मंग पुढच्या साली बघू. गौर रागावंल म्हनता? मी इचारलंय तिला.

तुमचा काय दोष पंत, हुकमाची मान्सं तुम्ही, लेकरंबाळं सुखी ऱ्हावोत तुमची. जागेची ओळ कोरी ठेवा. खाली सहीच्या जागी बाईमानसाची निशानी म्हनून बांगडीचं चितार लागतं न्हवं? आना तो बोरू हिकडं, बांगडी माझी मीच काढते.