शाबानातला हट्ट

हॅलो?… हॅलो, पुणे? इब्राहिमभाईंची बेकरी ना?… मी चिंचवडहून मुमताज बोलते आहे. बिल्किसला बोलवा जरा. तिच्या आपाचा फोन आहे म्हणावं… हो, हो, थांबते.

नको सोजराकाकी, मला ताक नको. अब्बांसाठी असू द्या… नाही हो, तहान नाही मला.

हॅलो? बिल्किस? अगं ऐक ना… नाही, नाही, अब्बा बरे आहेत. म्हणजे… बरे नाहीत. आधी ऐकून तर घे! सकाळी गॅरेजात चक्कर आली त्यांना. लॉरीखालून बाहेर निघाले, उठायला गेले आणि तसेच खाली बसले… उद्धवरावांनी माणूस पाठवून मला बोलावून घेतलं. त्यांच्याच ऑफिसातून बोलते आहे, सोजराकाकी ताक घेऊन आल्या आहेत… नाही, लागलं कुठं नाही. इथं खिडकीबाहेर बाकावर बसले आहेत. चेहरा बघवत नाही.

कशानं म्हणून काय विचारतेस? रोजा!… रमजान लागला नाही, ठाऊक आहे मला. हे रमजानच्या आधीच्या शाबानचे, नफल रोजे, आपल्या मर्जीचे. शब-ए-बरात होऊन गेली तरी चालूच आहेत. टायफॉइडमधून उठलेला माणूस! डॉक्टर काय म्हणाले होते? थोडं थोडं, पण वारंवार खा. आणि हे पहाटे अर्धी भाकरी खाऊन दिवसभर उन्हात इंजिनं उतरवतात.

सांगितलं नाही? अगं, रोज सांगते! 'रमजानची तयारी आहे बेटी, अंगाला सवय हवी' म्हणतात. तयारी म्हणजे रमजान उजाडायच्या आत माणूस झिजवून टाकायचा?… इमामसाहेबही येऊन गेले. अशक्त माणसानं आता ताकद रमजानसाठी राखावी, नफल रोजा सोडला तर पुढे एखादा भरून काढता येतो, असं किती नीट समजावलं त्यांनी. अब्बांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा रोजा!

म्हणून तर तुला फोन केला. आज घामाघूम झाले तेव्हा कुठं खरं बोलले. 'बिल्किस तान्ही पोर घेऊन रोजे ठेवते आणि मी बाप होऊन जेवायला बसू?'

काय?… पुन्हा बोल… म्हणजे तू खरंच ठेवते आहेस? आजही?… बिल्किस! पोर अंगावर पिते ना तुझी? मागं रडते आहे ती तीच ना?… सासूबाई काही बोलत नाहीत?… बोलतात? मग?… 'अब्बा आजारातून उठून ठेवतात, मग मला काय झालंय?' वा! छान! तुला कुणी सांगितलं हे?… शौकतनं. आणि तुझं अब्बांना कुणी सांगितलं, तर तेही आपल्या शौकतनंच. लॉरीतून माल नेतो तो नेतो, वर या बातम्याही!

ते तुझ्यासाठी उपाशी, तू त्यांच्यासाठी. अल्लाहसाठी कोण आहे गं तुमच्यात?

…बिल्किस?… रडू नकोस. चुकलं माझं. जीभ फार चालली. तुझी नियत वाईट नाही, त्यांचीही नाही. पण मी एकटी काय काय बघू?

मग सोड ना तूही… 'आधी अब्बांनी सोडावा'? थांब, विचारते.

अब्बा! ती सोडते म्हणते, पण आधी तुम्ही… आधी तिनं? ऐकलंस? आधी तू म्हणतात… नाही अब्बा, तीही अडून बसली आहे… मग मी काय दोघांच्या मध्ये अशीच उभी राहू? उद्धवराव, हसू नका हो! तुमचा मिस्त्री आहे, तुम्ही सांगा काहीतरी!

हो ऑपरेटरबाई, कळलं, वेळ संपत आली. आणखी तीन मिनिटं द्या. उद्धवराव हो म्हणताहेत.

बिल्किस, पाणी मागव. मागव म्हणते ना!… आलं? हातात धर. काकी, ताकाचं भांडं अब्बांच्या हातात द्या. अब्बा, इकडे खिडकीपाशी या, मला दिसू दे. आता मी बिस्मिल्ला म्हणते. दोघांनी एकदम… कुणी कुणाची वाट बघायची नाही.

बिस्मिल्ला!

…अब्बा, नुसतं ओठाला लावू नका. प्या… हं. घोट गेला. बिल्किस, ते पिताहेत गं… तू?… सगळं?… पुन्हा भरून पी. मग पोरीला घे जवळ आणि काहीतरी खा.

हो, हसताहेत. मिशीला ताक लागलंय… नाही, कामावर नाही, घरी नेते त्यांना. भात टाकते मऊ… हो. रमजान अल्लाह देईल तसा बघू. तब्येत असेल तर ठेवू.

काय?… मी?… हॅलो? बिल्किस, नीट ऐकू येत नाही गं… लाइन खराब झाली वाटतं… खा म्हणते ना तू! ठेवते. खुदा हाफिज.

…हळू काकी, हळू बोला. अब्बांच्या कानावर गेलं तर दोघांचं पुन्हा सुरू होईल. माझं ताक झाकून ठेवा. दिवस मावळून मगरिबची अजान झाली की येऊन घेईन.